इंग्रज १८०३ साली मराठ्यांशी नेमके कशासाठी लढले?

एका तरुण वाचकाचा प्रश्न असा: "दुसऱ्या बाजीराव पेशव्याने १८०२ अखेरीस इंग्रजांशी केलेला वसईचा तह आणि त्यानंतरचे १८०३ चे युद्ध यांचे कारण शाळेत फ्रेंचांची भीती असे शिकवले. पुढे कुणी सांगितले की सगळा खेळ कापसाचा होता. आणखी कुणी म्हणाले, वेलस्ली नावाच्या एका महत्त्वाकांक्षी माणसाने ते ओढवून आणले. यातले खरे कोणते? आणि बाजीरावाने वसईला सही केली नसती तर युद्ध टळले असते का?"

तीस वर्षांहून अधिक काळ मी मोडी आणि इंग्रजी कागद वाचत आलो आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि मुंबईच्या अभिलेखागारात त्यातली बरीच वर्षे गेली. सुरुवातीला मीही याच प्रश्नाचे एकच उत्तर शोधत होतो आणि ज्या आठवड्यात जो कागद हाती येई तेच मला खरे कारण वाटे. लष्करी पत्रव्यवहार वाचताना फ्रेंच दिसत, व्यापारी कागद वाचताना कापूस दिसे. मग एक सवय लागली आणि तिने माझा गोंधळ बराच कमी केला. पत्र उघडले की मजकुराआधी मायना पाहायचा. हे कोणाला लिहिले आहे? त्या माणसाकडून लिहिणाऱ्याला काय हवे आहे?

ही सवय लावून १८०३ चे कागद वाचा. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली लंडनला लिहितो तेव्हा पानापानावर फ्रेंच असतात. हाच वेलस्ली २७ जुलै १८०३ रोजी सेनापती लेकला उत्तरेतल्या मोहिमेची उद्दिष्टे लिहून पाठवतो. त्यात शिंद्यांचा फ्रेंच सेनानी पेराँ याची फौज मोडण्याची गोष्ट आहेच, पण तिच्या शेजारीच यमुनेपर्यंत सरहद्द नेणे, दिल्ली आणि आग्रा घेणे, बादशहा शाह आलमला आपल्या ताब्यात आणणे आणि बुंदेलखंड मिळवणे हेही मांडलेले आहे. आणि मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याच्याशी चाललेला व्यवहार पाहिला तर तिथे भडोच, सुरत, बडोदे आणि गुजरातेतला वसूल हाच विषय. युद्ध तेच, वर्षही तेच, तरी कारण प्रत्येक पत्ता बदलताना बदलते. यात कुणी खोटे बोलत होते असे मी म्हणत नाही. त्या त्या माणसाला जे पटेल ते लिहिले जात होते.

लंडनला फ्रेंचच का सांगावे लागत, यामागे एक कायदा आहे आणि तो माहीत नसेल तर हा पत्रव्यवहार नीट वाचताच येत नाही. १७८४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने पिटचा इंडिया ॲक्ट केला. हिंदुस्थानात मुलूखगिरी करणे आणि राज्य वाढवणे हे इंग्लंड राष्ट्राची इच्छा, अब्रू आणि धोरण यांच्या विरुद्ध आहे, असे त्या कायद्यात स्वच्छ शब्दांत घातलेले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या परवानगीवाचून गव्हर्नर जनरलने युद्ध पुकारू नये अशीही तजवीज होती. सवलत एकच, कंपनीविरुद्ध किंवा तहाने तिच्या संरक्षणाखाली आलेल्या राजाविरुद्ध शत्रूने लढाई सुरू केली असेल किंवा तो प्रत्यक्ष तयारीत असेल तर. म्हणजे राज्य वाढवायचे असेल तर ते संरक्षण म्हणूनच कागदावर यायला हवे. कायद्याने हल्ल्याला बंदी केली, त्यामुळे दर हल्ल्याआधी कुणीतरी धोका दाखवणे भाग पडले. वेलस्लीच्या पत्रांतला भीतीचा सूर ऐकताना हे लक्षात ठेवा.

मग भीती निव्वळ बनावट होती का? नव्हती. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला होता. त्याने टिपूला लिहिलेले पत्र इंग्रजांच्या हाती पडले होते. निजामाच्या पदरी रेमंडने उभारलेली मोठी फ्रेंच पलटण होती आणि ती वेलस्लीने त्याच वर्षी हैदराबादेत विसर्जित करायला लावली. १८०२ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात ॲमियाँचा तह झाला, तो जेमतेम वर्षभर टिकला. जनरल दकाँ फ्रान्सहून पुदुच्चेरीचा ताबा घ्यायला निघाला आणि जुलै १८०३ मध्ये तिथे पोहोचलाही. पण रंग पाहून तो मॉरिशसला निघून गेला. अलीगड आणि दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात, शिंद्यांच्या कवायती फौजेचा मुखत्यार पेराँ होता आणि तो फ्रेंचच होता. अशा वेळी कलकत्त्यात बसलेल्या माणसाला नकाशाकडे पाहून झोप आली नसेल तर ते समजण्यासारखे आहे.

आता दुसरी बाजू बघा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंद्यांच्या कवायती पलटणींचा मुख्य अंमलदार होता पोलमन. हा हॅनोव्हरचा. पूर्वी तो कंपनीच्याच चाकरीत होता आणि त्याच्या जन्मभूमीचा अधिपती म्हणजे इंग्लंडचाच तिसरा जॉर्ज. असईला इंग्रजांकडचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. त्यांना मारणारी फौज फ्रेंच म्हणून ज्या कागदांत रंगवली होती, तिचा तिथला सेनानी असा होता. पेराँचे काय झाले? लढाई तोंडावर असताना त्याने आपल्या फौजेतल्या इंग्रज आणि मिश्र रक्ताच्या अधिकाऱ्यांना काढून टाकले. जेम्स स्किनर त्यांपैकी एक, तो लेककडे गेला. वेलस्लीने जाहीरनामा काढून शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्यांना पगाराची हमी दिली होती. खुद्द पेराँ सप्टेंबरच्या सुरुवातीलाच शिंद्यांना सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. अलीगड ४ सप्टेंबरला पडले, दिल्लीजवळची लढाई ११ सप्टेंबरला झाली.

इथे थांबून विचार करावा. ज्या धोक्यासाठी युद्ध होते तो सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संपला होता. युद्ध मात्र थांबले नाही. लासवारी १ नोव्हेंबरला झाली, अडगाव २९ नोव्हेंबरला आणि गाविलगड १५ डिसेंबरला घेतला. आणि तह पाहिले तर १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांकडून कटक प्रांत गेला. कटकात कोणता फ्रेंच बसला होता? कटक हवे होते कारण बंगाल आणि मद्रास यांच्यामधला किनारा मराठ्यांकडे होता आणि तो मिळाल्यावर कंपनीचा पूर्व किनारा सलग झाला. ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांचा दुआब, दिल्ली, आग्रा, अहमदनगर आणि भडोच गेले. त्याच तहात एक कलम आहे. इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय किंवा अमेरिकी राष्ट्राचा माणूस शिंद्यांनी चाकरीत ठेवू नये, असे ते कलम सांगते. अमेरिकीसुद्धा! भीतीचे एकदा कलम झाले की ती किती ऐसपैस पसरते, याचा हा नमुना मला कायम आठवतो.

म्हणून माझा दुसरा नियम असा की जाहीरनामा वाचून झाला की तहाची कलमे वाचावीत, आणि काय मागितले यापेक्षा काय ठेवून घेतले ते मोजावे.

आता भडोचकडे येतो. माझ्या मते या युद्धाचा सर्वांत कमी शिकवला जाणारा भाग हाच आहे आणि मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तो समजून घ्यायला हवा. भडोच कंपनीने १७७२ मध्ये नवाबाकडून घेतले होते. पुढे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धानंतर, वडगावला सापडलेल्या इंग्रजांना महादजी शिंद्यांनी बऱ्या रीतीने वागवले त्याची जाण म्हणून, ते कंपनीने महादजींना देऊन टाकले. तेव्हा ते देऊन टाकण्याजोगे वाटले, आणि वीस वर्षांनी २९ ऑगस्ट १८०३ रोजी, युद्ध सुरू होऊन तीन आठवडे होताहेत तोच, कर्नल वुडिंग्टनने हल्ला करून ते परत घेतले. मधल्या वीस वर्षांत काय बदलले?

बदलला चहा. १७८४ मध्ये, पिटच्या त्याच सरकारने, इंग्लंडमध्ये चहावरची जकात ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणली. चोरट्या चहाचा धंदा बसला आणि कंपनीच्या चहाची विक्री एकदम वाढली. पण चहा मिळे कँटनला आणि चिनी व्यापारी त्याच्या बदल्यात चांदी मागत. इंग्रजी लोकरीच्या कापडाला तिथे गिऱ्हाईक थोडे. चिनी बाजारात खपणारी वस्तू होती गुजरातचा कापूस. भडोच, सुरत आणि भोवतालच्या परगण्यांतला कापूस मुंबईत दाबून गठ्ठे बांधून कँटनला जाऊ लागला. तिथे तो विकून आलेली चांदी खासगी व्यापारी कंपनीच्या कँटनच्या खजिन्यात भरत आणि बदल्यात लंडनवरच्या हुंड्या घेत. कंपनीला चहासाठी रोकड मिळे, व्यापाऱ्याला आपला नफा विलायतेत सुखरूप पोहोचवता येई. दोघांचे भले. मधे अडचण एकच, कापसाच्या मुलखातले नाके, जकात आणि वसूल पेशवे, गायकवाड आणि शिंदे यांच्या हाती होते.

मुंबई तोवर कंपनीच्या गळ्यातले लोढणे होती. तिचा खर्च बंगालच्या पैशावर चाले. मुंबईचा पसारा आवरून तिथे छोटी वखार ठेवावी असा विचार तेव्हाचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस याने १७८८ च्या सुमारास मांडला होता. मुंबईच्या कौन्सिलातल्या माणसांच्या दृष्टीने हा जिवावरचा प्रसंग होता, कारण त्यांतल्या कित्येकांचा स्वतःचा पैसा व्यापारी पेढ्यांत गुंतला होता आणि त्याच पेढ्या मुंबई सरकारला कर्ज देत. सरकारला कर्ज देणारा, सरकारात बसणारा आणि कापूस भरणारा, हे तिघे एकाच जेवणाच्या टेबलावर होते असे समजा. मग १८०० मध्ये सुरतच्या नवाबाला तनखा लावून सुरत घेतली गेली. १८०२ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांच्या घरातल्या भांडणात कंपनी शिरली, अरब शिबंदीची थकबाकी भागवायला सावकारांकडून कर्ज उभे करून दिले, त्याची बहांदारी म्हणजे हमी घेतली आणि तैनाती फौज बसवली. वर्षअखेरीस वसईला बाजीरावाकडून फौजेच्या खर्चासाठी २६ लाखांचा जो मुलूख लिहून घेतला, त्यात गुजरातेतले महाल होतेच. आणि १८०३ मध्ये भडोच. ही चार नावे ओळीने नकाशावर ठेवा, कापसाचा पट्टा आपोआप दिसेल.

तरीही कापूस हेच खरे कारण, बाकी सगळे सोंग, असे मी म्हणणार नाही. वेलस्लीला कापसात फार रस नव्हता. त्याचे डोळे दिल्लीवर होते. टिपू पडल्यावर त्याला मार्क्विस ही पदवी मिळाली ती आयर्लंडच्या उमरावांची, इंग्लंडच्या उमरावीपेक्षा कमी मानली जाणारी, आणि त्या अपमानाने तो आतून जळत होता हे त्याच्या खासगी पत्रांत दिसते. तो जिंकण्यासाठी आतुर होता, मुंबई कापसासाठी. एकमेकांचे हेतू त्यांना पटायची गरज नव्हती, दोघांनाही हवी असलेली गोष्ट एकच निघाली. माझ्या अनुभवात मोठी युद्धे बहुतेक अशीच घडतात. पाच माणसे पाच कारणांनी एका दारापाशी जमतात, आणि नंतरचे लोक विचारतात की दार कोणत्या कारणाने उघडले.

यात इंग्लंड नावाच्या राष्ट्राला काय हवे होते? हा प्रश्न मला सर्वांत अवघड जातो. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या पत्राला पाच-सहा महिने लागत. विचारून उत्तर येईपर्यंत वर्ष. २६ जून १८०३ रोजी वेलस्लीने दख्खनमधले युद्ध आणि तह यांचे सर्वाधिकार आपला भाऊ आर्थर याला दिले. शिंद्यांच्या छावणीतला वकील कर्नल कॉलिन्स युद्ध की तह याचे उत्तर मागत होता. दौलतराव शिंदे म्हणाले, भोसल्यांची भेट झाल्यावर सांगतो. ते उत्तर कॉलिन्सने धमकी म्हणून कळवले. ऑगस्टच्या सुरुवातीला कॉलिन्स छावणी सोडून निघाला आणि ८ ऑगस्टला आर्थरने अहमदनगरच्या पेठेवर शिड्या लावल्या. लंडनमधल्या एकाही मंत्र्याला त्या दिवशी हे ठाऊक नव्हते. कंपनीचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाचा अध्यक्ष कॅसलरे याने, वसईचा तह आपल्याला मराठ्यांच्या न संपणाऱ्या भांडणात गुंतवील, अशी टीका १८०४ च्या सुरुवातीला लिहून काढली. तोवर सुर्जी-अंजनगावचा तह होऊन गेलेला होता.

खुद्द दोघा भावांतही एकवाक्यता नव्हती. ग्वाल्हेरचा किल्ला तहाप्रमाणे कोणाचा यावर वाद निघाला तेव्हा रिचर्डला तो शिंद्यांना द्यायचा नव्हता. आर्थर मात्र, शब्द पाळण्याची आपली कीर्ती गेली तर ग्वाल्हेर काय, सगळी सरहद्दही कवडीमोल आहे, या मताचा होता.

पुढे यशवंतराव होळकरांनी इंग्रज सेनानी मॉन्सनची धूळधाण केली, भरतपूरपुढे लेकचे चारही हल्ले फसले, कर्ज डोईजड झाले आणि १८०५ मध्ये वेलस्लीला परत बोलावले गेले. शांतता करण्यासाठी कॉर्नवॉलिस आला, तो गाझीपूरला वारला. त्याच्या जागी आलेल्या बार्लोने ते काम पुरे केले, ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांना परत दिले, होळकरांशी तह केला. मुलूखगिरी नको म्हणणाऱ्यांचा असा जय झाला. पण मग दिल्ली परत दिली का? दुआब? कटक? भडोच? त्यांतले काही नाही. युद्धाचा खर्च ज्यांना जड झाला आणि युद्ध चुकीचे ज्यांना वाटले, त्यांनीही मिळालेला मुलूख सोडला नाही. एखाद्या राष्ट्राचा हेतू शोधताना मी आता युद्ध सुरू करणाऱ्याइतकेच या दुसऱ्या माणसांकडे पाहतो. वेलस्ली गेला, त्याचे धोरण चुकीचे ठरले, आणि त्याने आणलेला वसूल दरसाल जमा होत राहिला. त्या वसुलातूनच पुढच्या फौजेचा पगार निघाला, आणि १८१७ मध्ये पेंढाऱ्यांच्या निमित्ताने जी फौज निघाली ती अशाच पैशावर उभी होती.

आपल्याकडच्या हेतूंबद्दलही बोलले पाहिजे, आणि ते बोलताना मला वाईट वाटते. मराठी वाचकाला इंग्रजांचा लोभ ऐकायला बरा वाटतो, आपला नको असतो. चौथ आणि सरदेशमुखी ज्यांच्याकडून वसूल होई त्यांना ती राज्याची सनदशीर बाब वाटत नव्हती. बंगालमध्ये भोसल्यांच्या स्वाऱ्यांची आठवण पोरांना निजवण्याच्या गाण्यात उरली. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले, त्यातून यशवंतराव पेटले. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या फौजा त्यांनी बुडवल्या. बाजीराव महाडकडून कोकणात उतरला आणि इंग्रजी जहाजात बसून वसईला गेला. ज्या वसईसाठी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी हजारो माणसे खर्ची घातली, तिथेच त्यांच्या भावाच्या नातवाने ३१ डिसेंबरला परराष्ट्र व्यवहार इंग्रजांना विचारल्याशिवाय करणार नाही असे लिहून दिले. आणि हे पहिल्यांदा घडत नव्हते. त्याचा बाप रघुनाथराव १७७५ मध्ये सुरतेला हेच करून बसला होता, तेव्हा किंमत साष्टी आणि वसई होती. त्याआधीच, डिसेंबर १७७४ मध्ये, मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला होता. कारण काय सांगितले? पोर्तुगीज साष्टी परत घ्यायला येत आहेत, म्हणून आम्ही आधी घेतली. फ्रेंचांच्या जागी पोर्तुगीज, बाकी मजकूर तोच.

टोपीकरांच्या, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांच्या, मागे त्यांचे राजे असतात, ते इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांना किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नये, हे रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच बजावून ठेवले होते. म्हणजे समजत नव्हते असे नाही. ज्याला भाऊबंदकीत हरायचे नव्हते त्याला त्या क्षणी टोपीकर उपयोगी वाटला, आणि भीती त्याचीही खरीच होती.

राहिला शेवटचा प्रश्न, सही केली नसती तर? तैनाती फौजेचा तह बाजीरावापुढे वेलस्लीने काही वर्षे धरला होता. पुण्याचा रेसिडेंट पामर नरमाईने वागतो म्हणून १८०१ मध्ये त्याच्या जागी बॅरी क्लोज आला. हडपसरपर्यंत बाजीराव टाळत राहिला, आणि त्या टाळण्याबद्दल त्याला आपण फारसे श्रेय देत नाही. त्याने वसईला नकार दिला असता तर वेलस्लीला १८०३ मध्ये कायद्यात बसणारे निमित्त सहज मिळाले नसते, आणि तोही काही कायमचा कलकत्त्यात राहणार नव्हता. तेवढा वेळ मिळाला असता असे मला वाटते. गुजरातेत मात्र मुंबईकर थांबले नसते. सुरत आणि बडोदे त्यांनी वसईच्या सहीआधीच गाठले होते, आणि कँटनला जाणारी जहाजे दरसाल कापूस मागत होती.